धार वस्तऱ्याला, माया हाताला

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात, श्रावण वद्य द्वादशीला, संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीदिवशी उंब्रज येथे केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणं उतरवून घेतलं आहे.)

  



आम्ही शेतकरी माणूस. शिक्षण चौथी. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, त्या साली आम्ही चौथीच्या वर्गात होतो. पुढं शाळा सुटली ती सुटलीच. जे दोन शब्द पदरात पडले ते या दिंडीत पडले. कमिटीच्या मंडळींनी निरोप दिला होता, बुवा, शंभर वर्षांच्या वाटचालीवर बोला. वाटचालीवर बोलणारी जाणती मंडळी इथं पुष्कळ आहेत. आज सेना महाराजांची पुण्यतिथी आहे, म्हणून आम्ही वस्तऱ्यावर बोलणार आहोत. हसू नका. दाढी नीट कशी करावी तेही सांगू आणि आमच्याकडून एक चूक झाली तीही सांगू. दोन्ही एकाच माणसानं शिकवलं.

आपल्या दिंडीत वीणा, पखवाज, पताका यांच्या जोडीनं एक धोकटी कायम असायची. चामड्याची, काळी पडलेली. आत दोन वस्तरे, एक कातर, फणी, चिमटा, नराणी, चामोटा, शिल्ली, पितळेची वाटी, तुरटीचा खडा आणि कडा फुटलेला आरसा. ती धोकटी ज्यांच्या खांद्यावर असायची त्यांना आपण सगळे तात्या म्हणायचो. नाव कागदावर काहीही असेल, दिंडीला ते तात्याच. गावात त्यांना बलुतं होतं. सुगीला ज्वारीच्या पेंढ्या, भुईमुगाचं गठुळं मिळायचं. वारीत मात्र ते कुणाकडून पैसा घ्यायचे नाहीत. वारकऱ्याची दाढी म्हणजे पांडुरंगाची चाकरी, एवढंच म्हणायचे.

आधी दाढीचं सांगतो. आजच्या पोरांना प्लॅस्टिकचा रेझर ठाऊक, फेस लावला, ओढला, फेकून दिला. मान लाल होते, बारीक बारीक फोड येतात, आणि वारीतला घाम त्यावर उतरला की आग आग होते. मग म्हणतात, आमची कातडीच नाजूक. कातडी नाजूक नसते. घाई असते.

तात्यांचं पहिलं काम पाणी. आचाऱ्याच्या चुलीवरनं कोमट पाण्याचा तांब्या आणायचा आणि दाढी भिजवत बसायचं. नुसतं चुळकाभर पाणी मारायचं नाही. बोटांनी चोळून चोळून, हनुवटी, गळा, ओठाच्या वरचा भाग, चांगली दोन-तीन मिनिटं. कोरडा केस तारेसारखा असतो, भिजला की मऊ पडतो. तात्या आम्हाला म्हणायचे, "वापसा आल्याबिगर रानात नांगर घालतोस का? मग दाढीत कशापायी घालतूस?" शेतकऱ्याला एवढं एक वाक्य बास आहे. कोरड्या रानात फाळ उड्या मारतो आणि ढेकळं निघतात. कोरड्या दाढीत तेच होतं, फक्त ढेकळाऐवजी कातडी निघते.

मग साबण. जुन्या काळी साबणही नसायचा, पाण्यावरच दाढी व्हायची. तात्यांनी साबण वापरला, पण फेस दाखवण्यापुरता नव्हे. ब्रश गोल गोल फिरवायचे, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. फेस दाट पाहिजे. पातळ फेस गालावरनं ओघळतो आणि वस्तरा कोरड्यावर चालतो.

आता धार. आपण कोयत्याला धार लावतो तेव्हा पात्याचं तोंड दगडावर घासतो आणि अंगठ्यानं चाचपून बघतो. वस्तऱ्याला अंगठा लावायचा नाही. धारही जाते, अंगठाही जातो. तात्या हाताच्या मनगटावरचा एखादा केस घेऊन बघायचे. केस न ओढता तुटला की धार आहे. शिल्लीवर वस्तरा महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, पाणी टाकून, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, वजन न देता. आणि चामोटा मात्र रोज. प्रत्येक दाढीच्या आधी. चामोट्यावर वस्तरा ओढताना पाठ पुढं आणि धार मागं. टोकाशी गेल्यावर वस्तरा पाठीवर पालटायचा, धारेवर पालटायचा नाही. धार पुढं केली की चामोटाही कापला जातो आणि वस्तराही मारला जातो. आम्ही शिकताना तात्यांचा चामोटा दोन ठिकाणी कापलाय. ते काही बोलले नाहीत. त्या दोन खुणा शेवटपर्यंत तशाच होत्या.

कीर्तनात आम्ही हा दाखला पुष्कळदा देतो. दगड म्हणजे गुरूचा मार, तो आयुष्यात एखाद्या वेळी बसतो. चामोटा म्हणजे नामस्मरण, ते रोजचं. रोज चामोटा लावला तर दगडाची पाळी कमी येते.

पुढं हाताचं काम. वस्तरा गालावर ठेवताना पाठ गालाच्या जवळ ठेवायची, पाठ आणि गाल यांच्यात वस्तऱ्याच्या पाठीच्या दुप्पट-तिप्पट जाडीएवढीच फट. वस्तरा उभा धरला तर खरवडतो आणि कापतो. अगदी झोपवला तर केस कापत नाही, नुसता ओढतो. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणायची. बोटं फेसानं निसरडी झाली तर तुरटीला लावायची, मग पकड येते. आणि वजन द्यायचं नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. ज्याला जोर लावावा लागतो त्यानं समजावं, एक तर धार गेलीय, नाहीतर दाढी भिजलेली नाही.

केस कुठल्या बाजूला लवलाय ते आधी हातानं बघायचं. पडलेला ऊस आपण कुठल्या बाजूनं तोडतो? ज्या बाजूला लवला असेल तसं तोडत जातो, उलट गेलो तर कांडी फाटते. गालावर बहुतेकांचा केस वरनं खाली असतो. पण गळ्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाचा खालनं वर, कुणाचा आडवा, कुणाच्या गळ्यावर भोवरा. पहिला हात केसाच्या कलानं. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात तात्या वारीत कधीच मारायचे नाहीत. म्हणायचे, "लग्नाला चाललायस का? चालत चाललायस. ऊन हाय, धूळ हाय, घाम हाय." उलट्या हातानं केस कातडीच्या खालीच तुटतो आणि वाढताना आतल्या आत वळतो, त्याचा फोड होतो. गुळगुळीतपणाचा हव्यास धरला की दुखणं मागं लागतं, हे दाढीलाही लागू आहे.

शेवटी गार पाणी, तुरटी, आणि मऊ पंचानं टिपायचं, घासायचं नाही. वस्तरा धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवायचा. आषाढाची हवा, एका रात्रीत गंज चढतो. हे सगळं करायला तात्यांना एका माणसाला दहा-बारा मिनिटं लागायची. दिंडीत चाळीस माणसं पुढं बसलेली असली तरी तेवढीच लागायची. एकादशीला मात्र वस्तरा धोकटीच्या बाहेर यायचा नाही.

आता चुकीचं सांगतो.

साल १९७५. आम्ही सतरा वर्षांचे. ओठावर काळी रेघ, हनुवटीवर चार केस, आणि मनात मोठा ताठा. वारीचं आमचं दुसरं वर्ष. मुक्काम भंडीशेगावचा. दुसऱ्या दिवशी वाखरी, मग दशमीला पंढरपुरात प्रवेश. त्यामुळं दाढीला गर्दी. तात्यांनी एका बाभळीखाली पाट मांडला होता. आमचा नंबर आला. तात्यांनी आमची दाढी भिजवली, फेस लावला, वस्तरा चामोट्यावर फिरवला. एवढ्यात त्यांची नजर लांब बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांकडं गेली.

ते बाबा आपल्याच भागातले, मातंग वस्तीतले. दरसाल वारीला यायचे. पण चालायचे दिंडीच्या मागनं, थोडं अंतर राखून. जेवायला शेवटी बसायचे. त्यांना तसं कुणी सांगितलेलं आम्ही तरी ऐकलं नाही. सांगावं लागत नव्हतं. त्यांची दाढी पंधरा दिवसांची वाढलेली. दुसऱ्या दिवशी ते पुढं निघणार होते, लवकर पोचून चंद्रभागेवर नातवाला भेटायचं होतं.

तात्यांनी आम्हाला सांगितलं, "पोरा, तुझं फेसात राहू दे जरा, मऊ पडंल. बाबांची उरकतो." आणि त्यांना हाक मारली, "बाबा, या. हितं बसा."

बाबा येईनात. तात्या उठून गेले, हाताला धरून घेऊन आले, आणि आमच्या शेजारच्या पाटावर बसवलं. त्याच तांब्यातलं पाणी, त्याच वाटीतला साबण, तोच वस्तरा. पंधरा दिवसांचे खुंट, पण तात्यांचा हात जसा विणेकरी बुवांच्या गालावर चालायचा तसाच चालला. बाबांचे डोळे मिटलेले. आजूबाजूची माणसं गप्प झाली होती. टाळ बांधणाराचे हात थांबले होते. दाढी झाली. तात्यांनी वस्तरा धुतला, पुसला, चामोट्यावर चार हात मारले आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "हं, आता तू."

आम्ही उठलो.

आम्हाला कुणी उठवलं नाही. चुलते तिथंच होते, तेही काही बोलले नाहीत. आमचे आम्ही उठलो आणि तोंडाला फेस तसाच घेऊन चालू लागलो. पुढं एका ओढ्यावर तोंड धुतलं. फेस वाळून गाल ताठला होता, खाज सुटली होती. मागं वळून बघितलं तर आमच्या रिकाम्या पाटावर विणेकरी बुवा येऊन बसले होते. त्यांची दाढी सकाळीच झाली होती. गालावर हात फिरवून तात्यांना म्हणाले, "जरा राहिल्यागत वाटतंय, बघा." तात्यांनी पुन्हा पाणी लावलं. त्याच वस्तऱ्यानं.

त्या साली आम्ही वाढलेल्या दाढीनं पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवलं. तात्यांनी पुढं त्या गोष्टीचा उच्चार केला नाही, आणि आम्हीही नाही.

माउली, आता जरा मागं जाऊ. सेना महाराजांची कथा आपण सगळे जाणतो. महाराज बांधवगडच्या राजाच्या पदरी न्हावी. एक दिवस संतांच्या सेवेत, देवपूजेत रमले, राजाकडं जायचं राहून गेलं. तर पांडुरंगानं त्यांचं रूप घेतलं, धोकटी काखेत मारली आणि स्वतः जाऊन राजाची हजामत केली. राजानं तेलाच्या वाटीत वाकून बघितलं तर चतुर्भुज मूर्ती दिसली. सेना महाराजांनी आपल्या धंद्यातला आरसा आणि चिमटा घेऊन परमार्थ सांगितला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबातही त्यांचं एक पद आहे. आता बघा, ज्या पंथात केसाला कात्री लावत नाहीत त्या पंथाच्या ग्रंथात न्हावी संताचं पद मस्तकी धरलंय. ही कथा आम्ही कीर्तनात वर्षानुवर्षं सांगितली. देवाला धोकटी उचलायची लाज वाटली नाही असं ठासून सांगितलं. आणि आम्हाला पाटावर बसायची लाज वाटली होती, हे मात्र कधी सांगितलं नाही. ते आज सांगतोय.

दुसरी एक गोष्ट इथल्याच मातीतली आहे, आणि ती आम्हाला फार उशिरा कळली. आमची नात कॉलेजला जाते. तिनं एके दिवशी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेल्या लहानपणच्या आठवणी वाचून दाखवल्या. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं. त्यांनी लिहिलंय, साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला कुणी हात लावायला तयार नव्हता. म्हणून घरातल्या सगळ्या भावांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. करता करता ती त्या कामात तरबेज झाली.

त्याच आठवणींत आपल्या मसूर स्टेशनाचं नाव आलं आणि आम्ही नातीला म्हटलं, बाळ, पुन्हा वाच. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर कॅशियर होते. ही पोरं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरली. नवे कपडे, डोक्याला टोप्या. घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. जात कळल्यावर एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळालं नाही.

मसूर म्हणजे कुठलं लांबचं गाव? कृष्णा ओलांडली की मसूर. आमची सोयरीक तिथं आहे, बाजारहाट तिथं आहे. त्या स्टेशनावर आम्ही शंभर वेळा बसलो असू. नातीनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आजोबा, तुमच्या दिंडीत असं होतं का हो?" आम्ही कीर्तनात तास-तास बोलणारे. त्या पोरीला उत्तर द्यायला तोंडात शब्द येईना. मग तिला ती बाभळीखालची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा कुणाला सांगितली ती तिला. ती एवढंच म्हणाली, "मग हे सगळ्यांना सांगा की." म्हणून आज उभा राहिलोय.

न्हाव्यांनाच दोष द्यावा असं कुणी समजू नका. त्या काळात एखाद्या न्हाव्यानं वस्तरा सगळ्यांना लावला असता तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. त्याचा वस्तरा कुणाच्या गालावर चालेल हे गाव ठरवत होतं. आणि त्याच समाजानं नको तिथं वस्तरा चालवायचं नाकारल्याचाही दाखला आहे. पूर्वी काही जातींत नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीसुद्धा त्यातून सुटत नव्हत्या. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळी जमली आणि ठरवलं, आता आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, गिरणी कामगारांचे पुढारी. आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडून हा ठराव केला. वस्तरा कुठं लावायचा आणि कुठं लावायचा नाही, हे ज्या हाताला कळलं तो हात शहाणा.

पंढरीचं देऊळ सगळ्यांना मोकळं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, आणि दार उघडलं. देवाचं दार उघडून अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आम्ही भंडीशेगावला पाटावरनं उठून गेलो. कायद्यानं दार उघडतं. माणसाचं मन उघडायला तात्यांसारखा माणूस शेजारी बसवावा लागतो.

पुढल्या वर्षी वारीत आमचं धाडस झालं नाही. दाढी आम्ही घरूनच करून निघालो, आणि वाटेत वाढवली. तिसऱ्या वर्षी लोणंदला तात्यांनीच हाक मारली, "बस की रं, किती दीस पळशील?" आम्ही बसलो. शेजारी ते बाबाही होते, त्यांची आधीच झाली होती. त्यांनी आमच्या हातात आरसा दिला. त्या वर्षीपासून ते दिंडीच्या मागनं नाही, दिंडीतनं चालले. नंतर चार वर्षांनी ते गेले. त्यांचा नातू आज आपल्या दिंडीत पखवाजाला आहे, तुम्ही सगळे त्याला ओळखता, त्याच्या हाताला तोड नाही.

त्यानंतर आम्हीच तात्यांच्या मागं लागलो, मला शिकवा म्हणून. आमची जात बघून ते हसले. पण शिकवलं. पहिल्यांदा तीन महिने नुसता चामोटा. मग रिकाम्या तांब्याला फेस लावून त्यावर वस्तरा. मग स्वतःची दाढी. आणि मग वारकऱ्यांची. एकदा घाईत आम्ही एका म्हाताऱ्याच्या गळ्याला कापलं. रक्त बघून आमचे हात लटपटले. तात्यांनी तुरटी दाबून धरली आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "धार वस्तऱ्याला पायजे, हाताला न्हाई. हाताला माया पायजे. माणूस गळा पुढं करून डोळं मिटतो. कुणापुढं मिटतो असं? आईपुढं आणि न्हाव्यापुढं."

माउली, या वाक्यानं आमचं कीर्तन बदललं. आधी आम्हाला वाटायचं, बोलणं धारदार झालं पाहिजे, श्रोत्याला लागलं पाहिजे. श्रोताही गळा पुढं करून बसलेला असतो. केस काढायचा आहे, कातडी नाही, हे तिथनं कळलं.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी, त्याही तात्यांच्याच. १९९० नंतर दवाखान्यातली माणसं गावोगाव येऊन सांगू लागली की एकाच्या वस्तऱ्यानं दुसऱ्याची दाढी करू नका, एड्सची भीती आहे. काविळीचेही काही प्रकार रक्तातनं पसरतात, ज्याच्या त्याच्याकडं नवं पान वापरा. आम्हाला वाटलं तात्यांना राग येईल, आयुष्यभराचा वस्तरा. पण ते दुसऱ्या दिवशी कराडला गेले आणि पान बदलता येणारा वस्तरा घेऊन आले. म्हणाले, "वस्तरा सगळ्यांना सारखा लावायचा, पर रोग सगळ्यांना सारखा वाटायचा न्हाई." तेव्हापासून दिंडीत प्रत्येकाला नवं अर्धं पान. आणि वापरलेलं पान मोडून पत्र्याच्या डब्यात टाकायचं, डबा गावी आणायचा. मुक्कामाच्या रानात टाकायचं नाही. मागनं येणाऱ्या दिंडीत अनवाणी चालणारे असतात, त्यांच्या पायात ते पान जातं. कातडी फाटलेल्या पायानं वारी चालणं काय असतं ते ज्यानं चाललंय त्याला विचारा. तरुण मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे, हे पाळा. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी तर दाढी आणि नखं दोन्ही सावकाश करावीत, त्यांची जखम लवकर भरत नाही.

शेवटचं सांगतो आणि बसतो.

तात्यांना शेवटच्या दिवसांत कंपवात झाला. हात थरथरायचा. ज्या हातानं चाळीस वर्षं दिंडी साफसूफ ठेवली त्या हाताला चहाचा कप धरवेना. मुलगा पुण्याला, त्याचं तिकडं दुकान आहे, महिन्यानं यायचा. आम्ही रानातनं येताना त्यांच्याकडं जायचो. एक दिवस बघितलं, दाढी वाढलेली. म्हटलं, तात्या, करू का? त्यांनी कोपऱ्यातल्या धोकटीकडं मान केली.

पाणी गरम केलं. जुना वस्तरा काढला, त्यांचा एकट्याचाच आता तो. चामोट्यावर ओढला, त्या दोन कापल्याच्या खुणांवरनं. दाढी भिजवली, फेस लावला, गळ्याची कातडी ताणली. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, दोन बोटांनी वर ओढून धरावी लागते. तात्यांनी डोळे मिटले. तेव्हा आम्ही म्हटलं, "तात्या, भंडीशेगावला आम्ही उठून गेलो होतो. चुकलं आमचं." म्हणायला चाळीस वर्षं लागली.

गळ्यावर वस्तरा असताना माणसाला बोलता येत नाही. तात्यांनी हात उचलला, तो थरथरणारा, आणि आमच्या मनगटावर ठेवला. आम्ही थांबलो. मग त्यांनी हात काढून घेतला, म्हणजे चालू दे. दाढी पुरी झाली. तुरटी लावली, तोंड टिपलं, आरसा पुढं धरला. तात्यांनी गालावरनं बोटं फिरवली, दोन्ही बाजूंनी, आणि म्हणाले, "उजव्या कानाखाली राहिलंय."

आम्ही पुन्हा पाणी लावलं.

त्यानंतर तात्या दोन महिन्यांनी गेले. त्यांच्या मुलानं ती धोकटी दिंडीला दिली. ती आज त्या टेबलावर वीणेशेजारी ठेवलेली आहे, तुम्ही येताना बघितली असेल. आमची कमिटीला एकच मागणी आहे. शतकाच्या या ग्रंथात विणेकऱ्यांची नावं छापाल, चोपदारांची छापाल, अन्नदात्यांची तर छापालच. त्या यादीत तात्यांचं नाव घाला, आणि त्या मातंग बाबांचंही घाला. दोघांचीही पूर्ण नावं त्यांच्या नातवंडांना ठाऊक आहेत, त्यांना विचारा. दिंडी शंभर वर्षं चालली ती त्यांच्याही पायांनी चालली.

आणि पुढल्या आषाढीला भंडीशेगावच्या मुक्कामी आम्ही पाट मांडून बसणार आहोत. ज्यांना दाढी करायची आहे त्यांनी या. पाणी कोमट असेल, पान नवं असेल. घाई असेल त्यानं येऊ नये.

रामकृष्ण हरी.